माझ्या जावेचं रिमोटचं शटर

माझ्या धाकट्या जावेच्या अमरावतीच्या नव्या बंगल्यात गाडीला स्वतंत्र खोली आहे. ती तिला गॅरेज म्हणते. त्या गॅरेजला रिमोटवर चालणारं शटर आहे आणि वास्तुशांतीच्या दिवशी तिनं ते येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला वरखाली करून दाखवलं. प्रसादाला नव्हती तेवढी गर्दी शटरसमोर होती. माझं अकोल्यात मॅचिंग सेंटर आहे: ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस. त्या दुकानाचं शटर मी रोज सकाळी आकडा अडकवून स्वतः ओढते आणि दिवसभर कंबर धरते. तेव्हा नुसत्या अंगठ्यानं उघडणारं शटर पाहून माझ्या पोटात दुखलं. ते लपवायचं कशाला?

पण ते दुखणं साधं होतं, घरी पोचेपर्यंत थांबलं असतं. खरं दुखणं वेगळं. वास्तुशांतीला माझ्या सासूबाई आमच्यासोबत अकोल्याहून आल्या होत्या. निघायच्या वेळी त्या म्हणाल्या, "चार दिस राहू द्या मले इथं." त्या राहिल्या त्या राहिल्याच.

सुनेला सासू नको असते असं लोक म्हणतात. म्हणोत बापडे. माझं लग्न झाल्यापासून आई, म्हणजे माझ्या सासूबाई, माझ्याजवळ राहिल्या. सासरे गेल्यावर तर मी त्यांना इकडची काडी तिकडे करू दिली नाही. चहा हातात, ताट हातात, संध्याकाळी दुकानातून आले की आधी त्यांच्या गुडघ्याला तेल, मग माझ्या पोटाला अन्न. शेजारणी म्हणायच्या, सून असावी तर अशी. मला ते ऐकायला फार आवडायचं. आणि आता ही धाकटी, जिनं त्या गुडघ्याला कधी बोट लावलं नव्हतं, ती आयत्या बिळावर नागोबा होऊन बसली होती. फोन केला की आई म्हणायच्या, "येईन नं, दिवाळी होऊ दे." दिवाळी झाली. मग म्हणाल्या, "थंडी सरू दे." म्हटलं, आता आपणच गेलेलं बरं. शनिवारी दुकान लवकर बंद केलं आणि एसटीनं अमरावती गाठली.

घरात पाय टाकला तर जाऊ हॉलमध्ये मोबाईल पाहत बसलेली आणि आई स्वयंपाकघरात, पदर खोचून, बेसनाच्या पातोड्या थापत उभ्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"म्हाताऱ्या माणसाकडून करवून घेतेस हे?" मी जावेला म्हटलं.

"मी नकोच म्हणते हो ताई, पण आई ऐकतात कुठं? मला तर पातोड्या येतच नाहीत," असं म्हणून ती हसली. लाज म्हणून नाही. तेवढ्यात गॅसवरचं दूध उतू गेलं आणि आई आतून ओरडल्या, "अवं, दुधाकडं पाह्यशीन का त्या डबड्याकडं!" माझ्या घरी त्या कधी अशा ओरडल्या नव्हत्या. ओरडायचं कारणच मी ठेवलं नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर मात्र तेज आलं होतं, तेही माझ्या डोळ्यांत खुपलं.

जेवताना मी सरळ विषय काढला. "आई, उद्या आपण अकोल्याला जाऊ." आईंनी ताटातली पातोडी उगाच इकडून तिकडे केली आणि म्हणाल्या, "तू मनतं तं जाऊ." माझे दीर म्हणाले, मी गाडीनं सोडून देतो. झालं. मला रात्री गाढ झोप लागली.

सकाळी आईंची पिशवी पॅसेजमध्ये आणून ठेवली. तिथून गॅरेजमध्ये जायला आतून एक दार आहे. दिरांनी रिमोट दाबला. शटर ढिम्म. पुन्हा दाबला, हात उंच करून दाबला, शटरच्या तोंडाजवळ नेऊन दाबला. जावेनं कुठूनतरी नवा सेल शोधून आणला, तो घातला, तरी तेच. खरं सांगते, मला आतून गुदगुल्या झाल्या. सगळ्या अमरावतीला दाखवलेलं शटर!

मग दिरांनी भिंतीवरचं बटण दाबलं. मोटर घुं करून ओरडली आणि गप्प झाली. म्हणजे रिमोट बिचारा निर्दोष होता. शटरवाल्याला फोन लागला. तो कुठल्याशा लग्नात होता. तो म्हणाला, मोटरला सारखं सारखं बटण देऊ नका, जळेल, बाजूची साखळी ओढून हातानं उचलून पाहा. दिरांनी साखळी ओढली. शटर बोटभर उचललं आणि अडलं.

"मोटर गेली, वहिनी," दीर घाम पुसत म्हणाले. "आज रविवार. आता हा उद्याच येईल."

"मग राहा ना ताई आजचा दिवस," जाऊ म्हणाली. "आईंनाही बरं वाटेल."

हे ऐकलं आणि माझ्या गुदगुल्या थांबल्या. हिला तर तेच हवं होतं. आईंचा होकार मला चांगला ठाऊक आहे, तो शिळा झाला की उरत नाही. आज गाडी निघाली नाही तर उद्या मला दुकानासाठी एकटीनं परतावं लागणार आणि आई इथेच राहणार. मी ओढणी खोचली आणि शटरसमोर उकिडवी बसले.

जन्म गेला माझा शटर ओढण्यात. मोटर ओरडते म्हणजे तिच्यात जीव आहे. साखळीनं बोटभर उचलतं म्हणजे वरचा रूळ मोकळा आहे. मग अडलंय ते खालीच. मी मोबाईलचा उजेड पाडून सगळ्यात खालची पट्टी पाहिली. पट्टीच्या दोन्ही टोकांना खिट्ट्या होत्या, आणि शटर ज्यातून सरकतं त्या दोन्ही बाजूंच्या चॅनलच्या भोकात पार आत सरकवलेल्या होत्या. नुसत्या सरकवलेल्या नाहीत, निसटू नयेत म्हणून त्यांचे धरायचे कान खाली वळवलेले होते.

मोटर बसल्यापासून त्या खिट्ट्यांना कुणी हात लावला नसणार. दिरांना आणि जावेला तर त्या आहेत हेही माहीत नसेल. पण ते वळवलेले कान मी ओळखले. माझ्या मागच्या दाराच्या खिट्टीचा कान रोज रात्री तसाच खाली वळलेला असायचा.

आईंचं आमच्याकडे रोजचं एक काम होतं. निजण्याआधी त्या घरभर फिरायच्या. गॅस, न्हाणीचा नळ, मागची खिट्टी, पुढची कडी. बाकी सगळं मी त्यांच्या हातून काढून घेतलं, पण एवढं त्यांनी सोडलं नाही. आणि दुसऱ्याच्या घरी? परतवाड्याला पोटच्या लेकीकडे गेल्या तरी कडीला हात लावत नाहीत. "ज्याचं घर त्यानं लावाव," म्हणतात. वास्तुशांतीच्या रात्री आम्ही सगळे या बंगल्यात झोपलो होतो, तेव्हाही त्या नुसत्या पाठ टेकून निजल्या होत्या.

आणि काल रात्री, माझ्यासोबत यायला हो म्हटल्यावर, त्या उठून इथल्या खिट्ट्या लावून आल्या होत्या. हे घर त्यांचं झालं होतं.

बंगला, गाडी, शटर सगळं लखलाभ हो तिला. त्यातलं काही मला नको. पण हे तिला कशाला मिळालं? तिनं काय केलं होतं यासाठी? दूध उतू घालवलं, एवढंच. आणि आपल्याला काय मिळालंय याचा तिला पत्ताही नव्हता. ती तिथे उभी राहून नवा सेल पुन्हा पाकिटात घालत होती.

मी अंगानं आड होऊन दोन्ही खिट्ट्या मागे सरकवल्या. उठले, हात झटकले आणि म्हटलं, "काही नाही, चॅनलमध्ये कचरा अडकला होता. दाबा आता." शटर लोण्यासारखं वर गेलं. "वा वहिनी! मॅचिंग सेंटर बंद करा, मेकॅनिक व्हा," दीर म्हणाले. जावेनं आईंच्या हातावर दही ठेवलं आणि तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, काय नाटकं ही. पण आईंचेही भरून आले.

बडनेऱ्याला दीर चाकात हवा भरायला उतरले. गाडीत आम्ही दोघीच उरलो.

"कचरा नव्हता वं तो," आई म्हणाल्या.

"माहीत हाये मले."

"राती म्याच लावल्या खिट्ट्या. सकाळी इसरून गेली. तू वाकली तवा याद आलं."

"मंग काहून लावल्या? परतवाड्याले तर तुमी कडीले हात नाही लावत."

 आई म्हणाल्या, "त्या दोघाइले कायचंच भान नाही वं. गॅस चालू, नळ चालू. ते शटर तं एक डाव रातभर उघडंच होतं. म्या नाही पाहाव तं कोन पाहीन?" आणि माझ्या गुडघ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "तुयं तसं नाही. तुले समदं जमते. तुया घरी मले पाहाव लागत नाही."

हे त्यांनी कौतुकानं म्हटलं. मला मात्र रडू आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी पिशवीत उगाच रुमाल शोधत बसले. दीर येऊन बसले, गाडी सुरू झाली. गाडी मागे वळवा, असं म्हणायचं मूर्तिजापूरपर्यंत माझ्या ओठांवर होतं. नाही म्हटलं. का म्हणू? एवढ्या वर्षांचं माझं माणूस, मी का सोडू?

त्या रात्री अकोल्याला मी न्हाणीचा नळ मुद्दाम थोडा सुरू ठेवला आणि मागच्या दाराची खिट्टी काढून ठेवली. अंथरुणावर पडले. नळ ऐकू येत होता, मला येत होता म्हणजे त्यांनाही येत असणार. थोड्या वेळानं त्यांच्या खोलीतून आवाज आला, "खिट्ट्या लावल्याच असशीन तू."

"मागची राह्यली, आई," मी म्हटलं.

"मंग लाव नं," असं म्हणून त्यांनी कूस वळवली.

मी उठले, नळ बंद केला आणि खिट्टी लावली.