सलीमनं सही का केली नाही

सलीमच्या मुलाचा, जावेदचा फोन आला. "काका, अब्बा गेले…" मी यवतमाळहून निघालो, पांढरकवड्याला मातीला पोहोचलो. कब्रस्तानातून परतताना कुणीतरी म्हणालं, "हुशार होता सलीम, पण पुण्यात टिकला नाही." मी मान खाली घालून चालत राहिलो. तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही.

सलीम आणि मी एका बाकावर शिकलो, पुण्यात एकाच कंपनीत लागलो. रेल्वे फाटकांच्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर आम्ही बनवायचो. कोड हातानं लिहायचो नाही. फाटक, सिग्नल, गाडी यांचं मॉडेल संगणकावर आखायचं आणि एक टूल त्यातून कोड तयार करायचं. फाटक उघडं असताना सिग्नल हिरवा होऊ नये, हे मॉडेलमध्ये चोख होतं. पण टूलच चुकलं तर? म्हणून ते भरवशाचं आहे हे आधी सिद्ध करावं लागे, आणि त्यावर आम्हा दोघांच्या सह्या लागत.

मी चाचण्याही त्याच टूलकडून तयार करून घेतल्या. सगळ्या पास! सलीम हसत सुटला. "काहून रे, ज्यानं चोरी केली त्यालेच पंच नेमून राह्यला का?" टूलनं मॉडेलचा अर्थच चुकीचा लावला, तर कोड आणि चाचणी दोन्ही सारखीच चुकणार, आणि एकमेकांशी छान जुळणार. सहीला त्यानं नकार दिला. मग त्यानं खुद्द टूलचंच वेगळं मॉडेल मांडायला घेतलं: ते कुठे चुकू शकेल, आणि ती चूक कशानं पकडता येईल. काम लांबलं. साहेबांनी विचारलं, उशीर कुणामुळे? मी म्हणालो, सलीमला हे झेपत नाहीये… त्याला काढलं.

पुढे त्याचं अर्धवट मॉडेल मीच पूर्ण केलं. त्यातून प्रयोगशाळेत चूक सापडली. फाटक उघडं, सिग्नल हिरवा. टूल दुरुस्त झालं, कौतुक माझं झालं. सलीमचं नाव मी घेतलं नाही. तो गावी येऊन पंपाच्या मोटारी दुरुस्त करू लागला. भेटलो की या विषयाकडे तो कधी वळला नाही, आणि ते माझ्या सोयीचंच होतं.

चाळिसाव्या दिवशी हे सगळं मी सलीमच्या बायकोला, भाभींना सांगितलं.

"भाईसाब, मी त्यायले जन्मभर टोमणे मारले. एक नोकरी नाही टिकवता आली म्हणून. ते नुसते हसत… अन् तुम्ही दर ईदले येत होते. माह्या हातचा शीरखुर्मा खात होते."



बाहेर सलीमच्या दुकानात जावेदनं एक मोटार जोडून संपवली होती. गिऱ्हाईक घाईत होतं. तरी त्यानं रस्त्यापलीकडच्या मिस्त्रीला हाक मारली, "गजूभाऊ, या जरा, तपासून द्या!"

"तूच पाह्य ना लेका, तुले येत नाही का?"

"ज्यानं जोडली त्यानं तपासाची नाही. अब्बानं कधी तपासू नाही दिली."

गजूभाऊ हात पुसत आला. गिऱ्हाईक खोळंबतं म्हणून या सवयीवर भाभी एरवी चिडायच्या. त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "गजूभाऊ, घाई नका करू. नीट पाहा."