कोसिदो आणि दाऊदभाईंचं फॅमिली स्टेटस

प्रत्येक घरात एक प्लास्टिकची पिशवी असते, जिच्यात बाकीच्या सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्या कोंबलेल्या असतात. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण टाकवतही नाहीत. बहारीनला नोकरी केलेल्या माणसाच्या डोक्यात किश्श्यांचं तसंच होतं. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात. परवा तिकडच्या एका जुन्या दोस्ताचा फोन आला, मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला. लग्न कुठल्या हॉलमध्ये आहे ते विचारायचं राहूनच गेलं, कारण दोघंही दाऊदभाईंच्या मटणाच्या टोपाबद्दल बोलत बसलो.

तर नव्वदीतली गोष्ट. झल्लाकला समुद्राकाठी आमचं हॉटेल होतं आणि मी परचेसमध्ये होतो. म्हणजे किचनला लागेल ते मनामाच्या बाजारातून आणायचं आणि आणल्यावर शिव्या खायच्या. मी बापट, वाईचा, अंड्यालाही न शिवणारा. रोज क्विंटलच्या हिशेबात मटण विकत घ्यायचो आणि डब्यात भेंडीची भाजी न्यायचो.

किचनमध्ये निम्मी माणसं रत्नागिरी-रायगडची. त्यांचे म्होरके दाऊदभाई, दापोलीकडचे. मोठा हसरा माणूस, पण आयुष्यात एकाच गोष्टीसाठी तळमळत होता. त्यांना सू-शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या खालोखालचा, व्हायचं होतं. हुद्द्याची हौस नव्हती. त्या ग्रेडला फॅमिली स्टेटस मिळायचं, म्हणजे बायकोचा व्हिसा. जुबेदाभाभी गावी, हे इकडे, आणि दोन वर्षांतून एक सुट्टी. "लग्न जुना हाय, पन नवराबायको अजून नवीनच हाव," असं ते सगळ्यांना सांगून हसवायचे. माझी बायको माझ्याबरोबर राहत होती, त्यामुळे मला त्या विनोदावर हसताना दरवेळी लाज वाटायची.

* * *

मग आला शेफ रामोन, थेट माद्रिदहून. आमच्या मंडळींनी पहिल्याच आठवड्यात त्याचा रमणशेफ करून टाकला. थंडी सुरू झाली तसं त्याने जाहीर केलं, की दर शुक्रवारी दुपारी कोसिदो. म्हणजे मटण, बीफ, कोंबडी, हाडं, काबुली चणे, बटाटे, गाजर आणि कोबी, सगळं एका मोठ्या टोपात तासन्‌तास मंद आचेवर शिजवायचं. तिखट नाही, हळद नाही, फोडणी नाही. त्याच्या आईची पाककृती, त्यामुळे त्यात बदल करायला पोपलाही परवानगी नव्हती.

सगळं ऐकून झाल्यावर दाऊदभाईंनी समजल्यासारखी मान हलवली. "म्हंजे आमचा डाळमटनाचा दालचा," ते म्हणाले. "फकस्त त्यातली चव काढून टाकायची."

मी याचं इंग्रजी केलं नाही. पण शेफला आवाजावरून कळलं असावं, कारण त्याने तिथल्या तिथे सांगितलं, की जो माझ्या मदतीशिवाय अगदी माझ्या आईसारखा कोसिदो करेल, तोच माझा सू-शेफ. दाऊदभाईंचं हसू मावळलं. जुबेदाभाभींचा व्हिसा आता एका बेचव टोपात जाऊन पडला होता.

* * *

पहिला घोळ चण्यांचा झाला. चणे आदल्या दिवशी भिजवायचे, आणि टोपात घालताना पाणी गरम हवं, नाहीतर ते कडक राहतात, यावर शेफचं एक लेक्चरच असायचं. दाऊदभाईंनी बादलीभर टपोरे चणे भिजवून कोल्ड रूममध्ये ठेवले. सकाळी बघतात तर बादली रिकामी.

झालं असं होतं, की स्टाफ मेसचा लखनौचा आचारी सकाळी लवकर आला. त्याला बादलीत फुगलेले चणे दिसले. भिजवलेले चणे बघून माणूस दुसरं काय करणार? त्याने नाश्त्याला छोले केले.

शेफ भयंकर तापला. कोल्ड रूमचं दार आपटून दाऊदभाईंवर ओरडला, की माझे चणे ज्याने खाल्ले तो मला पाच मिनिटांत समोर हवा. दाऊदभाई बिचारे खाली मान घालून उभे. शेवटी मेसचा आचारीच पुढे आला आणि अदबीने म्हणाला, की सर, सगळ्यात जास्त तर आपणच खाल्लेत. दोनदा मागून घेतलेत.

त्या शुक्रवारी पाहुण्यांना कोसिदोऐवजी मासे मिळाले.

* * *

दाऊदभाईंचा हात मसाल्याविना चालायचाच नाही. आपण डोळे मिटून जिना उतरतो तसा त्यांचा हात फळीवरच्या डब्यांकडे जायचा. पहिल्या प्रयत्नात शेफने त्यांना जिऱ्यासकट पकडलं. दुसऱ्या खेपेला हळदीने दगा दिला, रस्सा पिवळाधमक झाला. शेफने सगळे डबे कुलपात टाकले आणि किल्ली गळ्यातल्या क्रूसाबरोबर अडकवली.

आता यात एक बारीक गंमत आहे. कोसिदोत चणे मोकळे सोडत नाहीत. जाळीच्या पिशवीत बांधून टोपात सोडतात, म्हणजे बाकीच्या गोष्टींत हरवत नाहीत. दाऊदभाईंना ही पिशवीची पद्धत मनापासून आवडली.

तिसऱ्या प्रयत्नाला शेफने झाकण उघडलं, वास घेतला, आणि त्याच्या कपाळावर आठी आली. पळी घालून त्याने चण्यांची पिशवी वर काढली. ठेवली. पुन्हा पळी घातली, तर आणखी एक पिशवी वर आली, लहानशी, मलमलची, पांढऱ्या दोऱ्याने घट्ट बांधलेली. शेफने ती ताटलीत सोडली. आतून निघाली दालचिनी, लवंगा, वेलदोडे आणि दोन सुक्या मिरच्या.

"हे काय आहे?" शेफने विचारलं.

"इन्शुरन्स, शेफ," दाऊदभाई म्हणाले.

* * *

शेफलाही दुःख होतंच. आमचे मालक धार्मिक, हॉटेलात डुकराचं नावही काढायचं नाही. आणि खऱ्या कोसिदोत म्हणे डुकराची चरबी, डुकराचं सॉसेज, डुकराचं हाड, असं सगळं लागतं. त्याच्या जागी शेफ बीफचं सॉसेज घालायचा आणि घालताना दरवेळी आईची माफी मागायचा. एकदा टोपाशी उभा राहून तो फारच हळवा झाला. हे काही माझ्या घरचं नाही, हे अर्धंच आहे, असं काहीतरी बोलत होता.

दाऊदभाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शेफ, तुमचं डुक्कर नाही, माझा मसाला नाही," ते म्हणाले. "आणि हा बापट आणून देतो सगळं, पण खात काहीच नाही. एका टोपाभोवती तीन उपाशी."

शेफ हसला. दोघांची खरी दोस्ती त्या दिवसापासून झाली असं माझं मत आहे. पण परीक्षा काही त्याने सोपी केली नाही. एका बाबतीत तर तो अगदीच अप्पलपोटा होता. टोपातली मोठी नळी, ती मगज भरलेली, तो कुणाला देत नसे. पाहुणा कितीही मोठा असो, नळी शेफची. पावावर मगज ठोकून, मीठ भुरभुरवून, भिंतीकडे तोंड करून खायचा.

* * *

तिथल्या मराठी मंडळातल्या वैद्य दांपत्याला मी एकदा शुक्रवारच्या जेवणाला बोलावलं. तोवर कोसिदो बराच गाजला होता. तो खायची रीत अशी, की आधी नुसता रस्सा, शेवया घालून. तो संपला की चणे आणि भाज्या. त्या संपल्या की शेवटी मटण. तिन्ही वेगवेगळं.

वैद्यबाईंपुढे रस्सा आला. त्यांनी तो बाजूला सारून ठेवला, कालवायला. वेटर येऊन बघून गेला, पुन्हा बघून गेला. रस्सा संपेना म्हणून चणे येईनात, आणि चणे येईनात म्हणून बाई रस्सा पिईनात. वैद्य माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, की बापट, इथे सर्व्हिस जरा ढिली आहे.

शेवटी मी वेटरला खूण करून सगळं एकदम आणवलं. बाईंनी रस्सा, चणे, बटाटा, कोबी एका ताटलीत घेतलं, पाव कुस्करला आणि लिंबू आणि कांदा मागितला. तेवढ्यात उंच टोपी घातलेला शेफ पाहुण्यांची विचारपूस करत त्यांच्या टेबलाशी येऊन थांबला. ताटलीत बघितलं. किचनचं दार ढकललं आणि आत ओरडला, "दाऊद, तुझे नातेवाईक आलेत!"

* * *

मग परीक्षेचा दिवस आला. शेफ सुट्टीवर निघायचा होता आणि त्याआधी सू-शेफचं नाव मॅनेजमेंटला हवं होतं. त्याच शुक्रवारी स्पॅनिश इंजिनियरांची पार्टी जेवायला येणार होती. शेफ म्हणाला, दाऊद एकटा करेल, मी बाहेर पाहुण्यांबरोबर बसून खाईन, आवडलं तर सही. त्याने तारीख ठरवताना कॅलेंडर बघितलं, चंद्र बघितला नाही. नेमका रमजान लागला.

आता पंचाईत बघा. हॉलचे पडदे ओढून परदेशी पाहुण्यांना वाढायला हरकत नव्हती. पण किचनमध्ये सगळ्यांचे रोजे. चाखणार कोण? गोव्याचा मिंगेल चाखू शकला असता, तर तो सुट्टीवर. जिभेच्या टोकाला लावून थुंकलं तर चालतं, असं कुणीतरी सुचवलं. दाऊदभाईंनी मान हलवली. म्हणाले, इतक्या वर्षांची सवय आहे, जीभ थुंकायचं विसरेल.

मग मला बोलावणं आलं.

मी गेलो तर सगळं किचन माझ्याकडे बघत होतं. दाऊदभाईंनी पळी पुढे केली आणि म्हणाले, "बापटसाहेब, बाकी काय नको. मीठ बरोबर हाय का तेवढा सांगा."

मी म्हटलं, अहो दाऊदभाई, मी कसा चाखू?

त्यांनी पिशवी उकलून एक चणा काढला आणि बशीत ठेवला. "चना तर व्हेज हाय."

"चणा व्हेज आहे हो," मी म्हटलं. "पण आंघोळ कशात केलीय त्याने?"

ते हसले नाहीत. एरवी त्या वाक्यावर ते किचनभर हसले असते. मला एकदम गलबलून आलं. घरी गेलं की मला दार उघडायला कुणीतरी असतं आणि ह्या माणसाला ते एका चण्याकडे मागावं लागतंय, याचा रागही आला. मी डोळे मिटले आणि चणा तोंडात टाकला.

"मीठ कमी आहे," मी म्हटलं.

"किती? मेसच्या डाळीएवढा घालू, का तुमच्या घरच्या आमटीएवढा?"

"घरच्या."

आमच्या घरची आमटी त्यांनी खाल्लेली होती. त्यांनी मूठ उघडली, थोडं परत डब्यात टाकलं, आणि उरलेलं टोपात सोडलं.

जेवणं आटोपल्यावर शेफ आत आला. सरळ टोपाकडे गेला आणि पळीने तळ ढवळून बघितला. पिशवी नव्हती. मग त्याने दाऊदभाईंच्या ॲप्रनचे खिसे तपासले. तिथेही काही नव्हतं. मग तो त्यांच्यासमोर उभा राहिला.

"दाऊद, मी हे माझ्या आईला सांगणार नाही."

"का, शेफ?"

"तिला वाईट वाटेल."

मग कागदावर सही करता करता मीठ कुणी बघितलं असं त्याने विचारलं, आणि सगळ्या किचनने माझ्याकडे बोट दाखवलं. घरी येऊन मी बायकोला भीतभीत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आमटीएवढंच सांगितलंस ना? मग झालं."

* * *

ईदनंतर काही महिन्यांनी जुबेदाभाभी आल्या. दाऊदभाईंनी मुहर्रकला जुन्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला होता. पडदे नवे, गाद्या नव्या, आणि यजमान नव्या नवरदेवासारखे खोलीभर फिरत होते. शेफला आणि आम्हा दोघांना जेवायला बोलावलं. आम्ही आमचा वरणभात डब्यात नेला.

दाऊदभाईंनी स्वतः कोसिदो केला होता. अगदी परीक्षेतला, तसाच्या तसा, आणि रीतीने तीनदा वाढला. जिच्यासाठी शिकलो तिला खायला घालायला नको का, असं त्यांचं म्हणणं. शेफ अभिमानाने फुलून बसला होता. भाभींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रस्सा प्यायल्या. चणे खाल्ले. मटणाचा एक तुकडा मोडून तोंडात घातला. मग सावकाश नवऱ्याकडे बघितलं.

"ह्या बिनमसाल्याच्या पान्यासाठी," त्या म्हणाल्या, "मला इतकी वर्सा तकडं बसवून ठेवलात?"

शेफ माझ्याकडे वाकला. काय म्हणतायत, आवडलं का?

मी तोंड उघडायच्या आत दाऊदभाई म्हणाले, "ती विचारतेय, शेफ, तुम्ही बहारीनला आधीच का नाही आलात."

शेफचे डोळे भरून आले. त्याने आपल्या ताटलीतली मोठी नळी उचलली आणि भाभींच्या ताटलीत ठेवली. आम्ही सगळे बघतच राहिलो. भाभींनी ती ताटलीच्या काठावर ठोकली, मगज बोटावर घेऊन चाखला, आणि मान डोलावली.

"हां, ह्या बरा हाय," त्या म्हणाल्या. "आता ह्याला फोडणी घाला."

या वेळी शेफने मला भाषांतर विचारलं नाही; फोडणी हा शब्द तो केव्हाच शिकला होता. तो उठला, बाह्या वर सारल्या आणि गॅसकडे गेला.

"दाऊद," तो म्हणाला, "तेल कुठे आहे?"