काळजिभी

माझ्या जिभेवर जन्मापासून काळे ठिपके आहेत, म्हणून अकोल्याच्या आमच्या घरात मी काळजिभी. काळ्या जिभेनं वाईट बोललेलं खरं होतं म्हणे! मॅच रंगात आली की काका मला टीव्हीसमोरून हाकलायचे. चुलतबहिणीच्या हळदीत "आभाळ भरलंय" एवढंच मी म्हणाले, तर मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, अंगावरच आली. "तोंड बंद ठेव व बाई!" पाऊस काही आला नाही, पण त्याचं श्रेय मला कोणी दिलं नाही.

पुढे मी अमरावतीला डेंटलला गेले. एकदा मॅडम शिकवत होत्या, जिभेवरचे असे ठिपके हा निव्वळ नैसर्गिक रंग, रोग नव्हे. मी लगेच उभी राहून वर्गाला जीभ काढून दाखवली. पोरं रांग लावून बघत होती! घरी फोनवर सांगितलं तर मोठी आई म्हणाली, "तुह्या मॅडमले काय समजते!"

दिवाळीला घरी गेले, तर हीच मोठी आई भाकर दुधात कुस्करून खात होती. ठेच्याशिवाय घास न गिळणारी बाई! बळंच तोंड उघडायला लावून बॅटरी मारली. जिभेच्या कडेला जखम, महिनाभर झालेली. दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली की कॅन्सर तर नाही ना ते आधी बघायचं, हे आमच्याकडून घोकून घेतलेलं. मी काही म्हणणार, तोच तिनं माझ्या तोंडावर हात दाबला.

"बोलू नको! तू बोलली का खरं होते. मले नाई यायचं कोन्या दवाखान्यात."

असा संताप आला! पेशंट समोर, जखम समोर, अन् माझंच तोंड बंद. पण जखमेला लागूनच एका तुटक्या दाढेचं टोक होतं, सुरीसारखं. कदाचित तेच घासत असेल. छातीठोक सांगायची माझी लायकी नव्हती, तरी मी तिचा हात झटकला.

"हे दाढेनं झालं, मोठी आई. मॅडम टोक घासून देतील, अन् मग तू ठेचा खाशीन. काळजिभी बोलून राहिली, आता होऊ दे खरं!"

तिनं विचारलं, "पक्कं?"

"पक्कं," म्हटलं.

माझ्या शब्दावर ती अमरावतीला, आमच्या कॉलेजच्या दवाखान्यात आली. मॅडमनी टोक घासलं आणि बजावलं, "दोन आठवड्यांनी या. भरलं नाही तर तुकडा काढून तपासावा लागेल." ते दिवस मला घास गोड लागला नाही. खोटं ठरलं असतं, तर या बाईला तोंड कसं दाखवणार होते मी?

ठरल्या दिवशी मॅडमनी आरसा घालून बघितलं, बोटानं चाचपलं. "छान भरलीय. काळजीचं काही नाही."

मॅडमना साधा नमस्कारही न करता मोठी आई माझ्याकडे वळली. "जीभ काढ."

"इथं? काहून व?"

"काढ म्हणते ना!"

भर ओपीडीत मी जीभ काढली. तिनं पिशवीतून पुडी काढली अन् चिमूटभर साखर थेट त्या ठिपक्यांवर ठेवली. तिचे डोळे गळत होते.

"आता बोल, माय. काय बोलाचं ते बोल."