छातीच्या हाडामागची शाळा

गाडी सुटायच्या बेतात असताना आईनं तांदळाची पिशवी डब्याच्या दारातून आत ढकलली. तुमसर रोडच्या फलाटावरची ती सकाळ आहे. माझा नवरा सुनील हसून म्हणाला, "आई, छत्तीसगडमध्ये तांदूळ मिळत नाही का?"

"मिळते नं," आई म्हणाली. "पन मनूच्या पोटाले मानवते का नाही, पाह्यले नको?"

मनू, आमची चार वर्षांची पोट्टी, पिशवीवर बसून सगळ्यांना टाटा करत होती. गाडी हलली तेव्हा डब्यासोबत चालत चालत बाबा एवढंच बोलले, "जमलं नाही तं वापस येजो. कोनी हासनार नाही."

त्या वाक्याचा मला तेव्हा आधार वाटला. पुढं बरेच दिवस मात्र त्याचीच भीती वाटत राहिली, कारण सुरुवातीला खरंच काही जमत नव्हतं.

सुनीलला उरला या औद्योगिक भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये नोकरी लागली होती आणि मला रायपूरजवळच्या खासगी मेडिकल कॉलेजात शरीररचनेची ट्यूटर म्हणून. खोली मिलजवळच, बीरगावला घेतली. सकाळी पुसलेल्या ओट्यावर दुपारी बोटानं नाव लिहिता यावं इतकी धूळ. सुनीलची पाळी दर आठवड्याला बदलायची; तो यायचा तेव्हा मी निघालेली असायची. मनू शेजारच्या मुलांत जाऊन उभी राहायची आणि कुणी काही विचारलं की रडत घरी यायची, तिला हिंदी येत नव्हतं. मला येतं असा माझा समज होता. पहिल्याच वर्गात मी म्हणाले, "मैं समझा के रही हूँ, आप लोग देख के रहो," आणि ही आमच्याकडची मराठी वळणाची हिंदी ऐकून पूर्ण वर्ग खाली मान घालून हसला.

प्रोबेशन संपायच्या आत विभागप्रमुख मॅडमसमोर एक पूर्ण तास घ्यायचा होता. तो पटला तरच नोकरी पक्की. त्या विचारानं मी जेवायची कमी आणि जागायची जास्त. आधी सर्दी, मग तोंड आलं, मग पुन्हा सर्दी. आणि एक दिवस डाव्या बरगडीवर आग आग व्हायला लागली. आरशात पाहिलं तर लाल फोडांचा पट्टा, पाठीकडून पुढं येणारा.

नागीण. आईला फोनवर सांगितलं तर ती हादरलीच. "तोंड शेपटीले लागू देजो नको, माय! लागलं का मानूस जाते म्हनते."

आमच्या कॉलेजातल्या त्वचेच्या डॉक्टरांनी फोड तपासले. लहानपणी कांजण्या होऊन गेल्या की त्याचे विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी झोपून राहतात आणि शरीराची पकड ढिली झाली की उठतात, हे मी पुस्तकात वाचलेलं. आता ते माझ्या अंगावर होतं. मनूला कांजण्यांची लस दिलेली होती, तरी फोड झाकून ठेवा, असं त्यांनी सांगितलं. गोळ्या लिहिता लिहिता विचारलं, "घर में सब ठीक है?" मी "हो" म्हणाले आणि ढसाढसा रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, "दवाई अपना काम करेगी मैडम, पर नींद मेरी पर्ची पर नहीं मिलती."

त्या संध्याकाळी सुनील मला काही न सांगता सुपरवायझरला भेटला आणि काही महिन्यांसाठी दिवसपाळी मागून घेतली. मला सुट्टी घ्यावी लागली. मॅडमचा फोन आला तेव्हा वाटलं, गेली नोकरी. पण त्या म्हणाल्या, "आराम करो. और लेक्चर के लिए टॉपिक ले लो, थायमस."

मग मी पडल्या पडल्या थायमस वाचू लागले. छातीच्या हाडामागं, हृदयाच्या जरा वर बसलेली ही ग्रंथी. मराठीत तिला यौवनलोपी म्हणतात, कारण बाळपणी ती चांगली भरलेली असते आणि तारुण्यानंतर हळूहळू चरबीत विरत जाते. ती म्हणजे एक कडक शाळा आहे. रक्तातल्या कोवळ्या पांढऱ्या पेशी इथं शिकायला येतात: बाहेरचा कोण ते ओळखायचं आणि शरीराच्या आपल्याच पेशींना हात लावायचा नाही. बहुतेक नापास होऊन तिथंच संपतात. पास होतात त्या जन्मभर पहारा देतात.

आणि या शाळेला ताण सोसत नाही. भूक, मोठं आजारपण, लांबलेली धास्ती यांनी शरीरात जे रस वाढतात, त्यांनी या कोवळ्या पेशी मरतात आणि ग्रंथी आक्रसते. जुन्या काळी शरीरशास्त्रज्ञांना चिरफाडीला मिळत ती गरिबांची, उपासमारीनं आणि रोगानं झिजलेली शरीरं. त्यांतली थायमस एवढीशी. तेच माप त्यांनी खरं धरलं. मग एखादं धडधाकट बाळ अचानक गेलं आणि त्याची थायमस भरलेली दिसली, की दोष त्या ग्रंथीलाच. ती लहान व्हावी म्हणून चांगल्या मुलांवर किरणांचे उपचार झाले आणि त्यांतल्या काहींना पुढं कर्करोग झाला. हे वाचून मी पुस्तक मिटलं आणि मनूकडं पाहत बसले.

पण त्याच प्रकरणात पुढं लिहिलं होतं की ताण सरला, खाणंपिणं सुधारलं, की आक्रसलेली ग्रंथी, विशेषतः लहान वयात, पुन्हा भरू शकते. ते वाक्य मी सुनीलला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मंग जेव नं आता पोटभर."

फोडांच्या खपल्या पडल्या आणि पोरा आला. आपला पोळा, तोच इथं पोरा. फक्त मुलांच्या हातात लाकडाच्या ऐवजी मातीचे बैल. समोरच्या घरातल्या दुलारी दीदी ठेठरी-खुरमीच्या फराळाचं ताट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "चल बहिनी, पारा के सब माईलोगन फुगड़ी खेलत हें."

फुगडी म्हटल्यावर माझ्या अंगात वारंच शिरलं. शाळेत मला कुणी हरवलं नव्हतं. पदर खोचून मी दोन्ही हात पुढं केले, आणि समोरच्या सगळ्या बायका खाली उकिडव्या बसल्या. इथली फुगडी बसून खेळतात, एक पाय पुढं, एक मागं, टुणटुण टुणटुण. मी हात पसरून एकटी उभी.

"अइसने बइठ," दीदी म्हणाल्या. मी बसले आणि तिसऱ्याच उडीला मागं लवंडले. पूर्ण पारा, म्हणजे सगळा मोहल्ला हसला, मीही हसले. बरगडी दुखली तरी थांबता येईना. मग मी दीदींना उठवलं, हात धरले, टाचा जुळवल्या आणि आपली तुमसरची फुगडी दाखवली. त्या घाबरून ओरडत होत्या, सोडत मात्र नव्हत्या. तिकडं मनू मातीचा बैल ओढत एका पोराला सांगत होती, "हव, मेरा वाला जीतेगा."

फुगडीनं माझी थायमस वाढली असं मी कधीच म्हणणार नाही. मॅडम नोकरीवरून काढतील. पण त्या दिवशी मला गाढ झोप लागली, एवढं खरं.

मॅडमसमोरचा तास मी माझ्याच भाषेत घेतला: थोडी हिंदी, थोडी इंग्रजी, अडेल तिथं मराठी. शाळेची गोष्ट सांगितली, गरिबांच्या मापाची सांगितली, आणि नागिणीची माझीसुद्धा. तास संपल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मैडम, आप समझा के रहे थे तो समझ में आ के रहा था." वर्ग हसला, या वेळी मान वर करून. मॅडमनी चष्मा काढून डोळे पुसले. हसून की कशानं, मी विचारलं नाही. नोकरी पक्की झाली. बाबांना कळवलं तर ते म्हणाले, "मंग आता वापस काहून येतं? सुट्टीत येजो."

गावाकडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारख्याच दूर निघून गेलेल्या मैत्रिणींनो, तुम्ही विचारता, तिकडं घरासारखं वाटतं का? गेल्या हिवाळ्यात मला ताप आला. साधाच, दोन दिवसांचा. मी कॉलेजात फोन केला आणि पडून राहिले. काय होईल, कोण काय म्हणेल, असं मनातसुद्धा आलं नाही. सुनीलनं खिचडी लावली, शिट्ट्या मोजायला विसरला. दुलारी दीदी दार न वाजवता आत आल्या, कपाळाला हात लावला आणि माझ्याशी न बोलता स्वयंपाकघरात जाऊन सुनीलला रागावल्या. मनू, आता चांगली उंच झालेली, मी मराठीत विचारलं तरी हिंदीत उत्तरं देणारी, माझ्या उशाशी अभ्यास करत बसली. बाहेरून उरल्याला जाणाऱ्या ट्रकांचा आवाज येत होता, आतून खिचडी लागल्याचा वास. मी अंगावर गोधडी ओढून घेतली आणि निवांत आजारी पडले.