शिट्टीबाईंचे दोन गाल

आमच्या शिट्टीबाईंचा उजवा गाल पांढराफटक असायचा आणि डावा नेहमीसारखा सावळा. नव्वदच्या दशकात शिवाजी पेठेतल्या आमच्या मुलींच्या शाळेत हे रोजचं दृश्य होतं. पाहुण्या माणसाला वाटायचं, बाई अर्धंच तोंड धुऊन आल्या. एका पालकानं तसं विचारलंही. बाई म्हणाल्या, "सामना चाललाय, पावणं. निकाल संध्याकाळी."

सामना खराच होता. बाई मूळच्या आजऱ्याच्या, शाळेत खेळ शिकवायच्या. पस्तिशीत त्यांना ल्यूपस झाला. या आजारात शरीर स्वतःवरच उलटतं आणि ऊन लागलं की दुखणं भडकतं. आधी गालांवर लाल चट्टा, मग सांधे, मग मूत्रपिंड. डॉक्टरांनी मैदान सोडायला सांगितलं. बाईंनी विचारलं, "मग काय शिकवू? भरतकाम?" शेवटी लांब बाह्या, टोपी आणि तोंडाला सनस्क्रीन एवढ्यावर तडजोड झाली. चट्टा पुन्हा भडकला तर मैदान बंद, हेही ठरलं.

सनस्क्रीन ही तेव्हा आमच्याकडं कुणाच्या वापरातली गोष्ट नव्हती. शाहूपुरीतल्या एका औषधाच्या दुकानात बाई एकेक ट्यूब मागवून घ्यायच्या. मी त्याच शाळेत शिक्षिका, वेळापत्रकही करायची, म्हणून त्या मला 'कोष्टक' म्हणत. "ए कोष्टक, भिंग आण की," अशी हाक आली की मी प्रयोगशाळेतलं भिंग घेऊन जायची आणि आम्ही दोघी ट्यूबच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचत बसायचो. एकीत झिंक ऑक्साइड. ती चुन्यासारखी घट्ट, कितीही चोळा, पांढरीच. बाकीच्या नितळ, लावलेलं कळायचंही नाही. त्यांत सिनामेट नावाचं रसायन, एकीत जोडीला ऑक्सिबेन्झोन हे दुसरं. डॉक्टरांनी सांगितलं होतं की असले काही घटक मुख्यतः भाजणारं ऊन अडवतात, खोल शिरणारं ऊन त्यांना फारसं जुमानत नाही. झिंक दोन्ही अडवतं. त्यांचा कौल झिंकला होता.

बाईंना दुसऱ्याचा कौल चालत नसे. "खेळवल्याबिगर कळतंय व्हय?" म्हणत त्यांनी एका गालाला झिंक आणि दुसऱ्याला नवी ट्यूब लावायला सुरुवात केली. झिंक कायम उजवीकडं. "जुना गडी हाय त्यो. उजवा मान त्येचाच." संध्याकाळी स्टाफरूमच्या आरशात त्या दोन्ही गाल निरखायच्या आणि निकाल सांगायच्या.

पांढऱ्या तोंडाचं त्यांना स्वतःला काही वाटत नसे. पण आंतरशालेय स्पर्धेत दुसऱ्या शाळेच्या मुली "चुन्याची डबी" म्हणून ओरडल्या, आणि आमच्या रिलेच्या पोरींनी शर्यत सोडून त्यांच्या वेण्या धरल्या. संघ बाद झाला. परतताना बाई बसमध्ये म्हणाल्या, "माझ्या तोंडापायी पोरी हरल्या गं."

त्यानंतर नितळ ट्यूबनं जिंकावं असं त्यांच्या मनात असणारच. आणि ती जिंकतही होती. दर वेळी डावा गाल शांत, उजवा तांबूस. नवी ट्यूब कुठलीही असो, झिंक हरायचं. शेवटी बाईंनी ते बंद केलं. पुढच्या स्पर्धेला त्या साध्या, स्वच्छ चेहऱ्यानं उभ्या राहिल्या. पोरींनी ढाल आणली. इतक्या खुशीत मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

दहावीच्या निरोप समारंभात मुली शिक्षकांच्या नकला करतात. त्या वर्षी एका मुलीनं शिट्टीबाई केल्या. एका गालाला खडूची पूड, तोंडात शिट्टी. ती स्टेजवर येऊन तिरकी उभी राहिली, उजवा गाल प्रेक्षकांकडं. दुसरी ओरडली, "बाई, इकडं वळा की." ती म्हणाली, "न्हाई वळणार. मी शाळेत लागल्यापास्नं अशीच उभी हाय." सभागृह हसून लोळलं. बाईही हसल्या, आणि मधेच थांबल्या.

अंतिम रेषेपाशी, पाण्याच्या टाकीला पाठ लावून, त्या वर्षानुवर्षं तशाच उभ्या राहत. मैदानाचे तास दुपारचे. सगळं मावळतीकडचं ऊन उजव्या गालावर यायचं. डावा टोपीच्या आणि स्वतःच्याच सावलीत.

"कोष्टक," त्या हळूच म्हणाल्या, "झिंक एकटंच खेळत हुतं गं. दुसरं मैदानात उतरलंच न्हवतं."

तोवर त्यांच्या पावलांना सूज आली होती. दोन्ही गालांवर चट्टा होता. डॉक्टर म्हणाले, या आजारात एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही. बाईंनी ते ऐकून घेतलं. पटलं असं काही दिसलं नाही.

ठरल्याप्रमाणे मैदान बंद व्हायला हवं होतं, पण बाई ऐकेनात, म्हणून मी वेळापत्रक मोडून त्यांचे सगळे तास सकाळी पहिले लावले. गणिताचे सर रुसले, त्यांना रुसू दिलं. बाई पुन्हा दोन्ही गालांना झिंक लावून यायच्या, आधी टाकीपाशी उभ्या, मग खुर्चीवर. डायलिसिस सुरू झाल्यावर खुर्चीही थांबली. शेवटच्या भेटीत दोन्ही हातांवरच्या सुयांच्या खुणा दाखवत म्हणाल्या, "बघ, आता दोन्ही बाजू आलटूनपालटून घेत्यात."

त्या गेल्या त्याच वर्षी नवे सर आले. तरुण, गोरे, उत्साही. पहिल्याच दिवशी शिट्टी घेऊन ते टाकीला पाठ लावून उभे राहिले. मी त्यांचं वेळापत्रक द्यायला मैदानात गेले होते. कागद हातात दिला आणि म्हटलं, "सर, रोज इथंच उभे राहू नका. अधूनमधून पलीकडंही जा."

"का हो, मॅडम?"

"तिथूनही रेषा दिसते," मी म्हटलं, आणि सावलीतून परत आले.