ऊन उतरल्यावरचे व्याही

आमच्या व्याह्यांइतकं उन्हाळ्याशी वैर धरणारा माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. माझ्या सुनेचे वडील, जर्मन, इथेच जर्मनीतल्या इंगोलश्टाटात आमच्या मागच्या गल्लीत एकटे राहतात. जून लागला की खिडक्यांची शटरं पाडायची आणि तळघरात थंड पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसायचं. मी अकोल्याची. "अहो, एवढ्या उन्हात आमच्याकडे पापडसुद्धा वाळत नाहीत," असं मी मराठीत सांगते, ते जर्मनमध्ये कण्हतात. भाषेवाचून आमचं काही अडत नाही.

सप्टेंबरात एका सकाळी वारा गार लागला, की हाच माणूस लोकरी टोपी घालून आमच्या दारात उभा. नातवाचं ऐकून मला आजीच म्हणतात. "आजी, कोम," म्हणजे चला, असं म्हणाले की निघायचं गावाबाहेरच्या त्यांच्या बागेत. खणताना शिट्टी वाजवतात आणि गारठ्याने नाक लाल झालं की आणखी खूश होतात. मी खुरपं घेऊन उकिडवी बसते ते त्यांना बघवत नाही, म्हणून स्टूल आणून दिलं. त्यावर मी चहाचा थर्मास ठेवला. गेल्या वर्षी रिकाम्या वाफ्यांत त्यांनी मोहरी पेरली होती. कोवळा पाला बघून मी तो खुडला आणि शेंगदाण्याचं कूट घालून भाजी केली. मला काय माहीत, ती मोहरी माती कसदार व्हावी म्हणून मातीतच गाडायची होती. ताटाकडे बघत ते काहीतरी पुटपुटले. मराठी शिकलेल्या सुनेने सांगितलं, "पपा म्हणतात, म्हणजे आज मातीचं जेवण मला." मग त्यांनी दोनदा वाढून घेतलं.

यंदा जुलैत झाडांना पाणी घालताना ते चक्कर येऊन पडले. सून म्हणाली, बाग आता देऊन टाकायची. त्यांनी हट्ट धरला: ऊन उतरू दे, सगळी बाग एकट्याने खणून दाखवतो, नाही जमलं तर दे. तिने मला राखणीला धाडलं. "आई, फक्त बघा हं. हात लावू नका." नुसतं बघत बसणं मला येत नाही. ते दमून बाकावर टेकले, की फावडं मी घ्यायचे. ते नुसते बघायचे.

काम संपल्यावर सून आली. मी बेधडक सांगितलं, "सगळं त्यांनीच केलं." माझे शब्द कळले नसले तरी तोंडावरून त्यांना कळलं असावं. "नाइन," म्हणजे नाही, असं म्हणाले आणि बोटाने दाखवलं, इथपर्यंत मी, तिथून पुढे आजी. पुढचंच जास्त होतं.

सून खणलेल्या वाफ्यांच्या कडेने एक फेरी मारून आली. मग म्हणाली, "राहू दे बाग. पण पपांनी एकटं यायचं नाही. आई, तुम्ही याल?"

"न यायला मला काय धाड भरली आहे," मी म्हटलं.

आता धुकं पडतं, लवकर अंधारून येतं. परवा आम्ही लसूण लावला. इथे तो थंडीच्या तोंडावर लावतात आणि पुढच्या उन्हाळ्यात काढतात. आम्ही दोघंही ऐंशीच्या घरात. पाकळ्या त्यांनी जरा जास्तच लावल्या. मी त्यांच्यावर माती ओढत गेले.