माळ्यावरची पेटी

आमच्या प्रयोगशाळेचा फुगा एप्रिलमध्ये पूर्वेकडच्या पठारावरून सोडला होता. वरच्या वाऱ्याने तो पश्चिमेला नेला. त्याच्यापासून सुटलेली, हवाई छत्रीला बांधलेली पेटी मुळशीच्या डोंगरात कुठेतरी उतरली, एवढेच कळले.

पेटीत फोटोच्या फिल्मवर असतो तशा लेपाचे जाड थर होते, काळ्या कागदात गुंडाळून एकावर एक रचलेले. अंतराळातून येणारा कण त्यांतून जाताना रेघ सोडतो. थर धुतले की ती सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. मला लिथियम, बेरिलियम आणि बोरॉन यांच्या केंद्रकांच्या रेघा मोजायच्या होत्या. प्रबंध त्या मोजणीवर अवलंबून होता. थर परदेशातून आणलेले होते, दुसरा संच नव्हता, आणि माझ्या शिष्यवृत्तीचे ते शेवटचे वर्ष होते.

पेटीवरची मराठी सूचना मीच लिहिली होती: उघडू नये, उजेड लागू देऊ नये, पाणी लागू देऊ नये, खालील पत्त्यावर कळवावे.

कार्ड पाचव्या आठवड्यात आले. धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीच्या शाळामास्तरांनी ते लिहिले होते. एसटीने धरणापर्यंत गेलो. पुढे दोन तासांचा चढ होता.

पेटी ज्याच्या रानात पडली तो शेतकरी अंगणातच उभा होता. पन्नाशीचा असावा.

"आला का," तो म्हणाला. "आमाला वाटलं पेटीला मालकच न्हाई."

"कार्ड उशिरा मिळालं."

"छत्री दिसली तवा आख्खी वाडी पळाली. म्हटलं इमानातला मानूस पडला. जाऊन बघतोय तर डबा."

"कुणी उघडली नाही ना?"

"बोट लावलं न्हाई कुनी. मास्तरांनी वाचून दाखवलं, तसंच केलं. उजेड न्हाई, पानी न्हाई."

आत अंधार होता. चुलीच्या बरोबर वर बांबूचा माळा होता. बियाण्याची गाडगी तिथे होती आणि त्यांच्यामध्ये घोंगडीत गुंडाळलेली माझी पेटी. त्याची सून चुलीशी भाकरी थापत होती. मी हात वर करून घोंगडी सारली आणि पेटीला हात लावला. पत्रा चटका बसावा इतका तापला होता.

"घरात याच्याइतकं कोरडं कायच न्हाई," शेतकरी म्हणाला. "पावसाळाभर बियाणं हितंच ऱ्हातं. एक दाना बुरसत न्हाई."

सून मान वर न करता म्हणाली, "मधी अवकाळी आला, तवा दोन दिस चूल इझू दिली न्हाई. म्हटलं सर्दावंल."

उष्णतेने लेपातल्या रेघा विरतात. धुण्याआधीच विरतात आणि परत येत नाहीत. प्रयोगशाळेत हे पहिल्याच महिन्यात शिकवले जाते, आणि आमच्याकडे थर बर्फाच्या कपाटात ठेवत. सूचना लिहिताना उष्णतेचा शब्द मला सुचला नव्हता, कारण पेटी कुणी तापवील असे वाटलेच नव्हते. या घरात पाच आठवडे एका माणसाने माझे प्रत्येक वाक्य पाळले होते.

पेटी मी उचलू लागलो तर त्याने ती घेऊ दिली नाही. "तुमी शहरातली मानसं. उतारावर पाय सटकंल, मग एवढं राखून काय उपेग?" चुंबळ करून त्याने ती डोक्यावर घेतली आणि दोन तास आडवी होऊ दिली नाही. वाटेत दोनदा थांबलो. दोन्ही वेळा त्याने आधी सावली बघितली, पेटी तिथे ठेवली, मग स्वतः उन्हात बसून पाणी प्याला. मी मागून चालत होतो. थांब, यात आता काही उरले नसेल, असे सांगणे शक्य होते.

गाडी यायला वेळ होता. त्याने विचारले, "ह्यात काय निघंल, सायेब?"

"आभाळातून काय येतं ते."

"मग निघालं की मास्तरांच्या पत्त्यावर कळवा. सून रोज इचारती."

थर त्याच आठवड्यात धुतले. कडेचे वितळून एकमेकांना चिकटले होते. मधले शाबूत होते, पण करडे पडलेले. मी त्यांवर चार महिने सूक्ष्मदर्शक फिरवला. जड केंद्रकांच्या काही जाड रेघा अंधूक दिसल्या. लिथियमची एकही सापडली नाही. मार्गदर्शकांनी एकदा येऊन पाहिले आणि म्हणाले, "आता डोळे फोडू नका."

शिष्यवृत्ती संपली. मला न्यूट्रॉनवर काम करणाऱ्या दुसऱ्या गटात जागा मिळाली आणि निवृत्तीपर्यंत मी तेच काम केले. वाडीला लिहायला घेतलेले कार्ड पत्ता घालून बरेच दिवस टेबलावर होते. पत्त्यापुढे मला काही लिहिता आले नाही.